गुडघ्याची गादी, केसपेपर आणि कोड

एमआरआयच्या अहवालात गादी फाटल्याची नोंद आली की रुग्णाला वाटतं, निदान झालं. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला वाटतं, कोड मिळाला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. अहवालात दिसणारी एकच फाट आयसीडी-१० या रोगांच्या वर्गीकरणात तीन ठिकाणी जाऊ शकते. ती ताज्या इजेची असेल तर इजांच्या प्रकरणातल्या एस८३.२ मध्ये, जुन्या इजेतून मागे राहिलेली असेल तर हाडं-सांध्यांच्या विकारांतल्या एम२३.२ मध्ये, आणि वयोमानाने गादी जीर्ण होऊन चिरली असेल तर एम२३.३ मध्ये. चित्रात या तिन्ही पुष्कळदा सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या ओळखता येतात रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवरून आणि डॉक्टरांनी हात लावून केलेल्या तपासणीवरून. तेही हे दोन्ही केसपेपरवर उतरलं असेल तरच. गुडघ्याच्या कूर्चेच्या कोडिंगमधले बहुतेक घोळ कोडांच्या पुस्तकात सापडत नाहीत. ते केसपेपरवर न लिहिलेल्या दोन-चार ओळींत असतात.

सुरुवात शरीररचनेपासूनच करावी लागते. 'कूर्चा झिजली', 'गादी फाटली', 'गॅप कमी झाली' ही वाक्यं बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात, पण ती तीन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीच्या हाडाचा माथा आणि वाटीची आतली बाजू यांवर काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत, पांढरट थर असतो. ती सांध्यावरची कूर्चा. मांडी आणि नडगी यांच्या मधे चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या, त्या मेनिस्कस. त्याही कूर्चेच्याच, पण तंतुमय आणि चिवट. गादीची ताजी फाट एस८३.२ मध्ये जाते, तर सांध्यावरच्या कूर्चेची ताजी फाट एस८३.३ मध्ये. हा फरक कारकुनी नाही. प्रौढ माणसाच्या गादीला रक्तपुरवठा असतो तो फक्त बाहेरच्या कडेला, साधारण १० ते ३० टक्के रुंदीत. तिथली फाट टाके घालून जुळण्याची आशा असते. सांध्यावरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. ती एकदा गेली की भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. मज्जातंतू नसल्यामुळे ती स्वतः दुखतही नाही; दुखतं ते तिच्याखालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. म्हणून गुडघा दुखतो एवढ्यावरून कूर्चेच्या इजेचा कोड लावता येत नाही. एक्स-रेत तर कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, आणि ती जागा कूर्चा झिजल्याने कमी होते तशी गादी बाहेर सरकल्यानेही होते.

याच गोंधळाचा पुढचा अंक म्हणजे 'ग्रेड'. डिस्चार्ज कार्डावर 'गुडघा, ग्रेड ३' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ लावणं अशक्य आहे, कारण गुडघ्यासाठी निदान चार मोजपट्ट्या वापरात आहेत. केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ ची मोजपट्टी एक्स-रेवरून संधिवात किती पुढे गेला हे सांगते. औटरब्रिज यांनी १९६१ मध्ये मांडलेली श्रेणी वाटीमागच्या कूर्चेसाठी होती. आता ती सगळ्या गुडघ्याला लावतात. आयसीआरएस या कूर्चातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची श्रेणी कूर्चेच्या जखमेची खोली मोजते: जाडीच्या निम्म्याच्या आत असेल तर दुसरी, निम्म्याच्या पलीकडे गेली तर तिसरी, खालच्या हाडात शिरली तर चौथी. आणि एमआरआयमध्ये गादीला जी १ ते ३ श्रेणी देतात तिच्यात पहिली आणि दुसरी म्हणजे फाट नव्हेच. गादीच्या आत बदल दिसतो, पण तो पृष्ठभागापर्यंत पोचलेला नसतो. तरीही 'ग्रेड २' वाचून फाटीचा कोड लावला जातो आणि कागदावर रुग्णाची अख्खी गादी फाटून जाते. कुठल्या मोजपट्टीची, कुठल्या भागाची आणि कशावरून ठरवलेली श्रेणी, हे लिहिल्याशिवाय आकड्याला किंमत नाही.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज मात्र वेगळा आहे: फाट दिसली म्हणजे इजा झाली, आणि दुखणं त्या फाटीमुळेच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम इथे ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचा एमआरआय करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही माणसं गुडघेदुखीची तक्रार घेऊन आलेली नव्हती, सर्वसामान्य लोकवस्तीतून निवडलेली होती. पन्नाशीतल्या बायकांमध्ये १९ टक्क्यांना, तर सत्तर ते नव्वदच्या पुरुषांमध्ये ५६ टक्क्यांना गादीची फाट किंवा तिची नासधूस आढळली. ज्यांची गादी फाटलेली होती त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्यात दुखणं, ठणकणं किंवा आखडणं काहीही नव्हतं. पाच वर्षांनी फिनलंडमधून आलेला प्रयोग याच्या पुढे गेला. जीर्ण गादीच्या फाटीचे १४६ रुग्ण, वय ३५ ते ६५. काहींची गादी दुर्बिणीतून कापली, बाकीच्यांवर नुसती शस्त्रक्रियेची बतावणी केली. वर्षभरानंतर दोन गटांच्या त्रासात लक्षणीय फरक नव्हता. दोन्ही अभ्यासांचा कोडिंगशी थेट संबंध आहे. एमआरआय यंत्र फाट दाखवतं. ती आजच्या दुखण्याचं कारण आहे का, कालच्या पडण्यातून आली का, हे दाखवत नाही. ते ठरवणं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं काम आहे. कोडरने अहवालातला शब्द उचलून एस८३ लावला, तर जो निर्णय डॉक्टरांनी घेतलेलाच नाही तो त्याने त्यांच्या नावावर टाकला.

यावर कोणी विचारेल, मग ताजी आणि जुनी यांच्यातली सीमा किती दिवसांची? सहा आठवडे, तीन महिने? वर्गीकरणात असा दिवसांचा आकडाच नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत मार्गदर्शक सूचना एवढंच सांगतात, की चालू, ताजी इजा इजांच्या प्रकरणात. बऱ्या झालेल्या इजेचा परिणाम, जुनाट किंवा पुन्हापुन्हा उद्भवणारा विकार साधारणपणे हाडं-सांध्यांच्या प्रकरणात. आणि कागदांवरून ठरत नसेल तर डॉक्टरांना विचारा. म्हणजे सीमा कॅलेंडरवर नाही, नोंदीत आहे. कबड्डीत पकड करताना पाय मॅटवर रोवलेला आणि धड वळलेलं, आतून कट्कन आवाज, दुसऱ्या दिवशी सूज, मग गुडघा अधूनमधून अडकणं, सांध्याच्या रेषेवर बोट ठेवताच कळ, मॅकमरे तपासणीत खटका: ही हकिकत लिहिलेली असेल तर खेळाडू महिन्याभराने आला तरी ती ताजीच इजा असू शकते. उलट 'वर्षभर जिने उतरताना दुखतं, मार लागल्याचं आठवत नाही' असं लिहिलेलं असेल तर काल काढलेल्या एमआरआयमुळे जुनी फाट नवी होत नाही. पन्नाशी ओलांडली म्हणजे झीजच, हा उलटा गैरसमजही तितकाच चुकीचा. झिजलेल्या गुडघ्याचा माणूसही रिक्षातून उतरताना पाय मुरगळून गादी फाडून घेऊ शकतो. अशा वेळी एम१७ हा संधिवाताचा आणि एस८३.२ हा ताज्या फाटीचा, असे दोन्ही कोड शेजारीशेजारी बसतात. फक्त कुठल्या कारणासाठी उपचार झाले ते डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं.

गंमत अशी, की एस८३ आणि एम२३ ही दोन घरं डॉक्टरांना वेगवेगळे प्रश्न विचारतात. आयसीडी-१०-सीएममध्ये ताज्या फाटीला तिचा आकार हवा असतो: बादलीच्या कडीसारखी, कडेची, गुंतागुंतीची की अन्य. जुन्या फाटीला जागा हवी असते: गादीचं पुढचं टोक, मागचं टोक की आणखी कुठे. म्हणून उजव्या गुडघ्याच्या आतल्या गादीची 'अन्य' प्रकारची ताजी फाट एस८३.२४१ होते, तर त्याच गादीच्या मागच्या टोकाचा जुन्या इजेमुळे झालेला बिघाड एम२३.२२१. डॉक्टरांनी आकार लिहिला आणि जागा लिहिली नाही, की पुढे निदान 'जुनी फाट' असं बदलल्यावर कोडरच्या हाती अर्धवट माहिती राहते. शस्त्रक्रियेच्या नोंदीतही हेच होतं. अमेरिकी सीपीटी प्रणालीत २०१२ पासून गादी कापण्याच्या २९८८० आणि २९८८१ या कोडांमध्येच सांध्यावरची कूर्चा तासून गुळगुळीत करणं धरलेलं आहे. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, म्हणून कूर्चेची जखम लिहायचीच कशाला, असा हिशेब कुठेकुठे केला जातो. पण पैसे शस्त्रक्रियेच्या कोडाचे. निदानाचा कोड आणि जखमेचं वर्णन ही वेगळी बाब आहे. मांडीच्या हाडाच्या आतल्या गोलव्यावर दोन चौरस सेंटिमीटरची, हाडापर्यंत गेलेली जखम होती की नुसता पृष्ठभाग मऊ पडला होता, यावर पुढच्या सर्जनचा निर्णय अवलंबून असतो, आणि ती माहिती दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहणाऱ्यानेच लिहायची असते.

आता खरी अडचण पैशांची. रोगांच्या वर्गीकरणाचा जन्म विमा कंपन्यांसाठी झाला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची जी यादी मांडली तिच्यातून ते वाढलं. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने त्यात मरणाबरोबर आजारपणही घेतलं. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. पण आज आपल्याकडे क्लेमच्या अर्जाचा जो भाग हॉस्पिटल भरतं, त्यात मुख्य निदानाचा आयसीडी-१० कोड मागितलेला असतो, आणि इजेमुळे दाखल केलं का, हा प्रश्नही असतो. आरोग्य विम्यात पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून इतर आजारांना संरक्षण नसतं. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत वयोमानाने होणारा संधिवात, तसंच अपघाताविना करावं लागणारं सांधेरोपण यांना प्रतीक्षाकाळ आहे. अशा प्रतीक्षाकाळाची कमाल मर्यादा विमा नियामकाने २०२४ मध्ये ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली. म्हणजे केसपेपरवर 'ताजी इजा' की 'झीज' यावर क्लेम मंजूर होणं न होणं लटकू शकतं. साहजिकच रुग्णाच्या बाजूने युक्तिवाद येतो: डॉक्टरांनी दयाबुद्धीने 'पडल्यामुळे' असं लिहिलं तर कुणाचं काय बिघडलं?

बिघडतं ते आधी रुग्णाचंच. कोड एकटा जात नाही, त्याच्याबरोबर एक्स-रे, एमआरआय आणि जुने ओपीडीचे कागदही जातात. एक्स-रेत हाडांना फुटलेले काटे, एमआरआयमध्ये आडवी, जीर्ण फाट, सहा महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवर गुडघेदुखीच्या गोळ्या आणि वर एस८३ असं पाकीट विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीएकडे गेलं, की फक्त कोड नव्हे, अख्ख्या कागदपत्रांवरचा विश्वास उडतो. त्यात दुसऱ्या गुडघ्याला पुढे खरीच इजा झाली, तर तिच्याकडेही संशयाने पाहिलं जातं. अर्थात याच्या उलट अन्यायही होतोच, आणि मला तो जास्त खटकतो: मोटरसायकलवरून पडलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या अहवालात 'झिजेचे बदल' हे दोन शब्द दिसले म्हणून इजा नाकारली जाते, कारण पडल्याची तारीख, पाय कसा वळला, त्याआधी गुडघा ठीक होता का, यातलं काहीच पहिल्या दिवशी लिहिलेलं नसतं. नंतर मागवलेलं स्पष्टीकरणपत्र त्या पहिल्या दिवसाच्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही. रुग्णानेही 'गुडघा दुखतोय' एवढ्यावर न थांबता कधीपासून आणि काय झाल्यावर, हे पहिल्याच भेटीत सांगावं.

महाराष्ट्रात हा विषय आणखी एका दाराने घरात आला आहे. पुणे आणि नवी मुंबईतली अनेक मुलंमुली अमेरिकी रुग्णालयांसाठी कोडिंगचं काम करतात आणि त्यांच्या शिकवणीत एक गैरसमज हमखास सुधारावा लागतो: इजेच्या कोडात सातव्या जागी येणारा 'ए' म्हणजे पहिली भेट. उजव्या गुडघ्याच्या कूर्चेची ताजी फाट एस८३.३१एक्सए अशी लिहितात. मधला एक्स फक्त जागा भरतो. शेवटचा ए सांगतो, की त्या इजेवर सक्रिय उपचार चालू आहेत. अपघात विभागात ए, दोन दिवसांनी अस्थिरोगतज्ज्ञाने तपासलं तरी ए, आठवड्याने दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली तरी ए. टाके काढणं, नेहमीची फेरतपासणी, फिजिओथेरपी सुरू झाली की 'डी'. आणि काही वर्षांनी त्याच इजेमुळे संधिवात झाला तर आधी इजेनंतरच्या संधिवाताचा एम१७.३१, मग जुन्या इजेचा कोड 'एस' हे अक्षर लावून. इजेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीला झेड वर्गातला देखभालीचा कोड लावायचा नसतो, 'डी'नेच ते काम होतं. पण मूळ निदान एम२३ मधलं असेल तर सातवं अक्षरच नसतं आणि तिथे झेड कोड योग्य ठरतो. म्हणजे ताजी की जुनी हा पहिल्या दिवशीचा निर्णय फिजिओथेरपीच्या शेवटच्या बिलापर्यंत पाठ सोडत नाही.

मात्र अमेरिकेचा नियम तो जगाचा नियम, असंही नाही. उजवा-डावा, सातवं अक्षर, फाटीचा आकार हे सगळं आयसीडी-१०-सीएममधलं, जे अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये एस८३.२ म्हणजे गादीची ताजी फाट, बस्स. कुठला गुडघा हेसुद्धा कळत नाही. पिनकोडवरून टपाल कार्यालय कळतं, घर नाही, तसंच हे. म्हणून आपल्या हॉस्पिटलात फक्त मूळ कोड लिहिला जात असेल, तर शब्दांतलं निदान अधिकच काटेकोर लागतं. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आयसीडी-११ मध्ये मूळ कोडाला बाजू आणि इतर तपशील जोडायची सोय आहे. पुण्याच्या सी-डॅकमधलं आरोग्यनोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र ज्या स्नोमेड सीटी शब्दावलीचा प्रसार करतं, ती तर डॉक्टरांचे शब्द तपशिलासह टिपण्यासाठीच आहे. पण डॉक्टरांनी बाजू लिहिलीच नसेल तर यातली कुठलीही सोय ती कुठून आणणार?

याच आग्रहाचं टोक म्हणजे अधिक नेमका कोड तो अधिक चांगला, ही समजूत. 'अनिर्दिष्ट' कोड लावला की कोडर आळशी ठरतो. आयसीडी-१०-सीएमच्या सूचना मात्र स्पष्ट सांगतात: माहिती उपलब्ध नसेल तर अनिर्दिष्ट कोड योग्यच आहे, कागदपत्रांचा आधार नसलेला नेमका कोड लावणं चूक आहे, आणि नुसता नेमका कोड मिळावा म्हणून गरज नसलेली तपासणी करायला लावणं हीही चूकच. तसंच 'गादी फाटल्याची शंका' हे ओपीडीत निदान धरत नाहीत. तिथे उजव्या गुडघ्याचं दुखणं एम२५.५६१ किंवा त्यातलं पाणी एम२५.४६१ एवढंच कोड करायचं. अमेरिकेत रुग्ण दाखल असेल आणि डिस्चार्जच्या वेळीही शंका कायम असेल तर नियम उलटा आहे, तिथे ती निदानासारखी धरतात. एकच वाक्य, पण ओपीडीच्या कागदावर त्याचा अर्थ वेगळा आणि डिस्चार्ज कार्डावर वेगळा.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप डॉक्टरांचा असतो: ओपीडीत रांग लागलेली असताना एवढं लिहायचं कधी? आक्षेप खरा आहे, पण लागणारा मजकूर फार नाही. 'उजवा गुडघा. १२ दिवसांपूर्वी कबड्डी खेळताना वळताना मुरगळला, त्याआधी त्रास नाही. आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेवर दुखरेपणा, मॅकमरे सकारात्मक. एमआरआय: आतल्या गादीच्या मागच्या टोकाची कडेची फाट, पृष्ठभागापर्यंत. निदान: ताजी फाट.' एवढ्यात सगळं आलं. हेच मागच्या रुग्णाच्या साच्यातून चिकटवलं तर उजव्याचा डावा होतो, आणि तो घोळ रिकाम्या कागदापेक्षा वाईट. मग कोडरने राहिलेली माहिती विचारून घ्यावी, हा तोडगा सुचवला जातो. तो बरोबर आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत. 'ही ताजी इजा आहे असं लिहाल का?' असं विचारणं म्हणजे उत्तर तोंडात घालणं, आणि अमेरिकी कोडिंग व्यवसायाच्या आचारनियमांत ते बसत नाही. प्रश्नात नोंदीतली हकिकत आणि तपासणी जशीच्या तशी मांडायची, पर्याय द्यायचे तर ताजी इजा, जुन्या इजेचा परिणाम, जीर्णता, अन्य काही आणि 'ठरवता येत नाही' असे सगळे द्यायचे, आणि कुठल्या उत्तराने किती पैसे मिळतील याचा उल्लेखही करायचा नाही. डॉक्टरांनी शेवटच्या पर्यायावर खूण केली, तर तेही उत्तरच आहे, आणि कोड त्याप्रमाणेच लागतो.